कितीपैकी?

२००५ च्या पुरानंतर माझ्या सासऱ्यांनी आमच्या सांगलीतल्या घरात जिन्याशेजारी निळ्या ऑइलपेंटनं एक आडवी रेघ मारली आणि तिच्यावर तारीख घातली. पाणी इथवर आलं होतं. पुढची चौदा वर्षं त्या रेघेवर आमच्या घरादाराचा विश्वास होता. फ्रिज कुठं ठेवायचा, कपाटाचा कुठला कप्पा पावसाळ्यात रिकामा करायचा, हे तिच्याकडं बघून ठरायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं, तेव्हा आम्ही धान्याचे डबे, गाद्या, माझी पुस्तकं, सगळं त्या रेघेच्या वर हातभर उंचीवर रचलं आणि घर सोडलं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी असते, ४५ फुटांना धोक्याची. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. आम्ही परत आलो तेव्हा चिखलाची नवी खूण जुन्या रेघेच्या वर कमरेइतक्या उंचीवर होती. पुस्तकं लगदा होऊन पडली होती.

मी गणित शिकवते. तेव्हाही शिकवत होते. त्याच वर्षी जानेवारीत दहावीच्या वर्गाला फाशाची आणि पत्त्यांची उदाहरणं सोडवून दिली होती. आणि तरीही घरातल्या त्या रेघेला मी एक साधा प्रश्न कधी विचारला नव्हता: ही सगळ्यात उंच खूण, पण किती वर्षांपैकी? सासऱ्यांच्या आठवणीतल्या पन्नास-साठ वर्षांपैकी. नदी त्याहून फार जुनी आहे. साठ वर्षांत दिसलेलं सगळ्यात मोठं पाणी हे त्या नदीला आणता येईल असं सगळ्यात मोठं पाणी असेल, असं मानायला काहीच आधार नव्हता. तसं कुणी ठरवूनही मानलं नव्हतं. रेघ समोर होती, एवढंच.

आमच्या गल्लीत असं वागलेलं आमचं एकच घर नव्हतं. शिकलेली, हिशेबाला पक्की माणसं होती ही. म्हणून मला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटत नाही, शाळेचा वाटतो. आपण मुलांना सांख्यिकी आणि संभाव्यता शिकवतो खरं, पण त्यातला ‘कितीपैकी?’ हा प्रश्न काढून ठेवून शिकवतो.

राज्य मंडळाच्या सध्याच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये सहा प्रकरणं आहेत. पाचवं संभाव्यता, सहावं सांख्यिकी. नववीलाही भाग १ मध्ये सांख्यिकी शेवटीच आहे. पुस्तकात शेवटी असलेला धडा वर्षाच्या शेवटी शिकवला जातो, हे कुठल्याही शिक्षकाला सांगावं लागत नाही. पोर्शन संपवायची घाई असते, पूर्वपरीक्षा तोंडावर असते. त्यात ही प्रकरणं ‘गुण देणारी’ म्हणून ओळखली जातात. सूत्र पाठ करा, सारणी पूर्ण करा, गुण घ्या. मुलं तेवढं करतात. मध्यक काढायला सांगितला तर वर्गाची खालची मर्यादा, संचित वारंवारता, वर्गांतर सगळं बिनचूक घालून दशांशापर्यंत उत्तर काढतात. तो आकडा कशाबद्दल काय सांगतो असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, “बाई, हे परीक्षेला येतंय का?”

येत नाही. तिथंच सगळं अडलं आहे.

सरासरीचंच बघा. शाळेत मुलं ती कितीदा तरी काढतात. पण शेजारच्या सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस काढायला बसलं तर काय हाती लागतं? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. दोन्हींची सरासरी काढली तर असा आकडा येतो जो ना महाबळेश्वरला कधी पडत, ना माणमधल्या म्हसवडला. आमच्याकडं शिराळा आणि आटपाडीचं तेच. मी आठवीच्या मुलांना हे दोन तालुके दिले आणि विचारलं, या सरासरीवर भरवसा ठेवून आटपाडीतल्या माणसानं भात लावला तर? मुलं हसली नाहीत. वर्गात दोघातिघांचे मामा-मावशा तिकडचे होते. एक मुलगी म्हणाली, “मग सरासरीबरोबर आणखी काहीतरी सांगायला पाहिजे, किती लांब-लांब आहेत ते.” विचलन हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. त्याची गरज मात्र तिला कळली होती. शब्द नंतर देता येतो.

आपल्या भाषेत या विषयाची उत्तम सामग्री पडून आहे आणि आपण ती वापरत नाही. शितावरून भाताची परीक्षा, हे नमुना-पाहणीचं अख्खं शास्त्र एका म्हणीत आहे. मी वर्गात विचारते, एकाच शितावरून पातेलंभर भात कसा काय कळतो? पातेल्यात दहा हजार शितं असतील, आपण एकच दाबतो. पोरं विचार करतात आणि कुणीतरी बरोबर जागी येतं: भात सगळीकडं सारखा शिजलेला असतो म्हणून. मग पुढचा प्रश्न. चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात तळाशी करपलंय आणि वर कच्चं आहे, तर? तर वरचं शीत खोटं सांगणार. दूध संकलन केंद्रावर फॅट बघायला नमुना घेण्याआधी दूध ढवळतात, ते याचसाठी. साय वर येते, नुसतं वरचं घेतलं तर फॅट जास्त दिसेल. हळदीच्या सौद्याला पोत्याच्या तोंडाशी दिसणारं हळकुंड बघून कुणी भाव लावत नाही, हात आत घालून मधलं काढतात, मोडून रंग बघतात. वरच्या थरात चांगला माल येतो हे व्यापाऱ्यालाही माहीत असतं आणि शेतकऱ्यालाही.

पण गाव ढवळता येत नाही, शेतं ढवळता येत नाहीत. मग काय करायचं? इथं यादृच्छिक निवड येते. आपण वस्तू ढवळू शकत नाही, तेव्हा निवड ढवळायची, चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून, म्हणजे निवडणाऱ्याच्या मनातलं झुकतं माप बाजूला राहतं. हे मी असं सांगायला लागल्यापासून ‘यादृच्छिक’ या शब्दाला मुलं घाबरत नाहीत.

या ठिकाणी मी दर वर्षी एका माणसाची गोष्ट सांगते आणि दर वर्षी मला वाईट वाटतं, की वर्गातल्या एकानंही ते नाव ऐकलेलं नसतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं बुध गाव. लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन आणि इगॉन पीअर्सन यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकून ते परत आले आणि १९४० च्या दशकात त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकाच्या उत्पादनाचा अंदाज यादृच्छिक नमुन्यातून काढायची पद्धत उभी केली. तोवर गावचा महसुली कर्मचारी नजरेनं आणेवारी, म्हणजे पिकाचा अंदाज, ठरवायचा. सुखात्म्यांनी सांगितलं, नजर नको. गावं चिठ्ठीनं निवडा, शेत चिठ्ठीनं निवडा, शेतातला तुकडाही चिठ्ठीनं निवडा, दोरी-खुंट्या लावून तेवढंच कापा आणि तोला.

त्यांचा एक वाद तर शाळेत शिकवावा इतका सुंदर आहे. तिकडं बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस छोटे छोटे तुकडे कापून अंदाज काढत होते. छोटा तुकडा स्वस्त पडतो, कमी वेळात जास्त ठिकाणं होतात. सुखात्मे म्हणाले, तुकडा फार लहान असला की उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. का? तुकड्याच्या कडेवर उभी असलेली ताटं आत धरायची की बाहेर, याचा निर्णय कापणारा करतो आणि त्याचा हात नकळत ‘आत’कडं झुकतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानानं कड जास्त. हे समजायला दहावीचं गणितही लागत नाही. परिमिती आणि क्षेत्रफळ, सहावी-सातवीतलं. मी मुलांना मैदानावर दोरीनं एक मीटरचा आणि पाच मीटरचा चौकोन आखायला लावते आणि कडेवरचं गवत मोजायला लावते. एक मीटरच्या चौकोनात क्षेत्र एक चौरस मीटर, कड चार मीटर. पाच मीटरच्या चौकोनात क्षेत्र पंचवीस, कड वीस. भूमितीचा तास असा कामाला आलेला मुलांनी आधी पाहिलेला नसतो.

आणि ही जुनी गोष्ट नाही. पीक कापणी प्रयोग आजही आपल्या महसूल मंडळांत होतात. कृषी, महसूल आणि ग्रामविकास या तीन खात्यांची माणसं ते करतात. पीक विम्याची भरपाई त्यावर ठरते. माझ्या वर्गातल्या किती तरी मुलांच्या घरी हा विषय जेवताना निघतो: आमचं शेत गेलं, पण मंडळाचा आकडा चांगला आला म्हणून पैसे मिळाले नाहीत. हे का होतं, त्यात अन्याय कुठं आहे आणि पद्धतीची मर्यादा कुठं आहे, मंडळात किती प्रयोग झाले, कुठली शेतं निघाली, हे विचारायला ज्या मुलाला येईल तो ग्रामसभेत उभा राहून दोन नेमके प्रश्न विचारू शकेल. आज तो मोबाइलवर आलेला संताप पुढं ढकलतो. बुधच्या सुपुत्राचं काम बुधच्याच आसपासच्या शेतकऱ्याला परकं वाटावं, याची मला फार खंत आहे.

आता संभाव्यतेकडं येते. पुस्तकात नाणं, फासा आणि पत्ते आहेत. पत्त्यांबद्दल माझी तक्रार अशी, की आमच्याकडं बऱ्याच घरांत मुलींच्या हाती पत्ते लागत नाहीत. इस्पिक कुठलं, किलवर कुठलं, चित्रांचे पत्ते किती, हे त्यांना आधी पाठ करावं लागतं आणि मग उदाहरण. अनोळखी गोष्टीतून अवघड कल्पना शिकवायची, असा उलटा प्रवास होतो. शिवाय काही पालकांना वाटतं, हा जुगाराचा विषय. त्यांना मी नलाची आठवण करून देते. फाशांत राज्य घालवलेल्या नलाला ते परत मिळालं ते ऋतुपर्णानं अक्षहृदय शिकवल्यावर, आणि ते देण्याआधी ऋतुपर्णानं बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं नुसत्या नजरेनं मोजून दाखवली होती. अंदाज आणि फासे यांची विद्या एकच, हे त्या कथाकाराला ठाऊक होतं. मटक्याचंही मी वर्गात सरळ करते. दहा आकडे, एक लागणार, लागला तर एकाला नऊ. दहा चिठ्ठ्या करून शंभर डाव खेळायचे, वहीत जमाखर्च मांडायचा. मधे कुणी तरी जिंकत असतं, त्याचा चेहरा फुललेला असतो, आणि शंभराव्या डावापर्यंत बहुतेकांच्या वह्या तोट्यात जातात. शंभर रुपयांमागं सरासरी दहा गेले. उपदेशाचं एक वाक्य बोलावं लागत नाही.

पण सांगली-साताऱ्याच्या मुलाला सगळ्यात आधी जी संभाव्यता यायला हवी ती नदीची. पूररेषा हा शब्द आमच्याकडं रिक्षावाल्यालाही माहीत आहे. निळी रेषा, लाल रेषा. घर घेताना, प्लॉट बघताना विचारतात, निळ्यात आहे का? या रेषांचा अर्थ असा, की निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. लोक तो असा घेतात: पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. २०१९ नंतर हे मी स्वतः ऐकलं. २०२१ ला पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं.

पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात चार. यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी शंभरात चारच. एखाद्यानं त्या रेषेवर घर बांधलं आणि तीस वर्षं राहिला, तर तीसही वर्षं कोरडी जायची शक्यता किती? ०.९६ ला तीस वेळा स्वतःनं गुणायचं. मुलं मोबाइलवर करतात, ०.२९ येतं. म्हणजे निदान एकदा तरी पाणी घरात यायची शक्यता शंभरात ७१. लाल रेषेचं तसंच केलं तर २६. पहिल्यांदा हे फळ्यावर आलं तेव्हा नववीतला एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, परत करा.” आम्ही परत केलं. त्याच्या वडिलांनी नुकताच प्लॉट घेतला होता.

इथं मी एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती सांगितली नाही तर गणितच खोटं शिकवलं जाईल. हे ७१ आपण मानलेल्या दोन गोष्टींवर उभे आहेत. एक, दर वर्षाचा पूर आधीच्या वर्षापासून स्वतंत्र आहे. दोन, मागची नदी आणि पुढची नदी सारखीच आहे. पाऊस बदलला, पात्रात भराव पडला, तर शंभरातले चार चारच राहणार नाहीत. रेषा जुन्या नोंदींवरून काढलेली असते. पुन्हा तोच प्रश्न: किती वर्षांच्या नोंदींपैकी?

स्वतंत्र घटना हा भाग सगळ्यात अवघड आहे, मोठ्यांनाही. त्यासाठी मी एक खेळ करते. अर्ध्या वर्गानं नाणं खरोखर शंभर वेळा उडवून छापा-काटा लिहायचा, अर्ध्यानं नाणं न उडवता मनानं लिहायचा. मी बाहेर थांबते, मग येऊन कागद ओळखते. बहुतेक बरोबर येतात. मनानं लिहिणारी मुलं तीन-चार छापे सलग आले की लगेच काटा लिहितात. खरं नाणं तसं करत नाही. शंभर वेळा उडवलं तर दहातल्या आठ वेळा कुठं तरी सलग सहा सारखे सापडतातच. मुलांना यात जादू वाटते. मग मी पुराची वर्षं फळ्यावर लिहिते.

माझे सहकारी म्हणतात, हे सगळं छान आहे, वेळ कुठून आणायचा? प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं: अभ्यासक्रमात एकच मध्य काढायच्या तीन पद्धती आहेत, सरळ पद्धत, गृहीतमध्य पद्धत आणि मध्यप्रमाण विचलन पद्धत. तिन्हींचं उत्तर एकच येतं. हातानं मोठे गुणाकार करावे लागत होते तेव्हा त्या कष्ट वाचवायला होत्या. आज दोन काढून टाकाव्यात. एका वर्गाचे चार-पाच तास सुटतील. त्याबरोबर प्रकरणांचा क्रम बदलावा, सांख्यिकी जूनमध्ये सुरू व्हावी आणि वर्षभर चालावी. जूनमध्येच का? कारण तेव्हा पावसाची, कोयनेच्या साठ्याची, आयर्विन पुलाच्या पातळीची नोंद रोज वर्तमानपत्रात येते. सहावीच्या मुलानं ती वहीत उतरवायला सुरुवात केली तर दहावीपर्यंत त्याच्याकडं पाच पावसाळ्यांची स्वतः लिहिलेली सारणी असेल. पुस्तकातल्या ‘५० विद्यार्थ्यांच्या उंची’पेक्षा तिच्यावर त्याचा जीव जास्त असेल.

काही पालक म्हणतात, गणितात उत्तर नक्की असतं, तुम्ही ‘शक्यता’ शिकवून मुलांना गोंधळात टाकता. त्यांच्याशी मी असहमत आहे, पण त्यांची भीती मला कळते. त्यांना मी एकच उदाहरण देते. समजा एक आजार शंभरात एकाला आहे. तपासणी आजारी माणसांतले दहापैकी नऊ बरोबर पकडते आणि धडधाकट माणसांतल्या दहापैकी एकाला चुकून आजारी ठरवते. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आजार असायची शक्यता किती? बहुतेक जण नव्वद टक्के म्हणतात. हजार माणसं घ्या. दहा आजारी, त्यांतली नऊ पकडली. ९९० धडधाकट, त्यांतली ९९ चुकून पकडली. पॉझिटिव्ह एकूण १०८, त्यांत खरी आजारी नऊ. बारांत एक. डॉक्टर दुसरी तपासणी करायला का सांगतात ते इथं कळतं. उत्तर नक्कीच आहे. फक्त प्रश्न ‘कितीपैकी’चा आहे. क्लासच्या फ्लेक्सवर ‘आमचे चाळीस विद्यार्थी नव्वदच्या वर’ वाचताना हाच प्रश्न पडला, तर फी भरायच्या आधी पडेल.

आणि परीक्षा बदलल्याशिवाय वर्ग बदलणार नाही, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवानं मान्य केलं आहे. म्हणून मंडळाकडं माझी मागणी मोठी नाही. मार्चच्या पेपरात चार गुणांचा एकच प्रश्न असा येऊ दे:

‘एका घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे. घरमालक म्हणतात, सामान या खुणेच्या वर ठेवलं की काळजी नाही. त्यांचं म्हणणं तुम्हांला पटतं का? कारणे लिहा. निर्णय घेण्यापूर्वी आणखी कोणती माहिती मिळवाल?’

पटतं की नाही, याला गुण नकोत. एक गुण खूण किती वर्षांतली हे विचारल्याबद्दल, एक ती ओलांडली जाऊ शकते हे कारणासह सांगितल्याबद्दल, आणि दोन मागितलेल्या माहितीसाठी: आयर्विन पुलाच्या जुन्या नोंदी, घराची पूररेषेपासूनची उंची, धरणातून सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला लागणारा वेळ, किंवा तपासणाऱ्याला सुचलं नसेल असं काहीही, जे खरंच उपयोगी आहे.